पंचवीस रिकाम्या खुर्च्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



२०१९ चा ऑगस्ट महिना. एका तालुक्याच्या गावी कविसंमेलन होतं. बाहेर धो धो पाऊस, आत मोजके रसिक. कार्यक्रम संपला, चहा आला आणि एका वयस्कर गृहस्थांनी माझ्या पाठीवर हात ठेवून अगदी आपुलकीनं विचारलं, "काय कविराज, तुमच्या काश्मीरचं बघितलंत का काय झालं?" मी म्हटलं, "काका, माझं गाव गोदावरीच्या काठचं. काश्मीर जितकं तुमचं, तितकंच माझं." ते हसले, मीही हसलो. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला कळत होतं.

पण परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसल्यावर दुसरीच गोष्ट टोचू लागली. काय झालं ते मला तरी कुठं नीट ठाऊक होतं? बी.ए.ला राज्यशास्त्र होतं. सरांनी एक वाक्य उतरवून दिलं होतं: 'जम्मू-काश्मीर हे स्वतःची वेगळी राज्यघटना असलेलं एकमेव राज्य आहे.' परीक्षेत त्याला दोन गुण मिळत. त्या घटनेत काय लिहिलंय, ती कुणी लिहिली, कधी लिहिली, हे सरांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दोन गुणांसाठी कोण विचारतो?

माझा एक मित्र वकील आहे. त्याच्या कपाटातून ती घटना निघाली. धुळीनं माखलेलं, साध्या बांधणीचं पुस्तक. तेरा भाग, एकशे अठ्ठावन्न कलमं, सात परिशिष्टं. ते वाचताना जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी एक साधा प्रश्न. महाराष्ट्राला वेगळी घटना का नाही? अमेरिकेत प्रत्येक राज्याची आपापली घटना असते. आपल्याकडे एकाच ग्रंथात केंद्राचाही कारभार आहे आणि राज्यांचाही. पण हे पहिल्यापासून ठरलेलं नव्हतं. संस्थानं भारतात सामील झाली तेव्हा त्यांनी आपापल्या घटना कराव्यात, असा विचार होता. म्हैसूर, सौराष्ट्र, त्रावणकोर-कोचीन इथं त्यासाठी घटना समित्याही नेमल्या गेल्या होत्या. १९४९ च्या मे महिन्यात या मंडळींनी मान्य केलं, की वेगळी घटना नको, भारताची घटना हीच आमची घटना. मागे राहिलं ते एक जम्मू-काश्मीर. तिथं युद्ध नुकतंच थांबलं होतं, राज्याचा मोठा भाग पाकिस्तानच्या ताब्यात होता आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे होता.

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी दिल्लीच्या घटना समितीत गोपालस्वामी अय्यंगार यांनी हे कलम मांडलं. तेव्हा त्याचा क्रमांक ३०६ अ होता, पुढे ते ३७० झालं. ते बोलत असताना एका सदस्यानं मध्येच विचारलं, की हा भेदभाव कशासाठी? विचारणारे होते मौलाना हसरत मोहानी, उर्दूतले नामवंत गझलकार. माझ्यासारख्या कवीला याचा थोडा अभिमान वाटतो. ज्याला त्याला आपापल्या खात्यात मांडून टाकण्याची आपल्याला सवय आहे. तो प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला, हे मात्र कुणाच्या लक्षात नसतं.

घटनेची मुळं मात्र त्याच्याही मागची आहेत. १८४६ मध्ये अमृतसरच्या तहानं इंग्रजांनी काश्मीर जम्मूच्या गुलाबसिंगांना पंचाहत्तर लाख नानकशाही रुपयांना दिलं. जमिनीसकट माणसंही त्या व्यवहारात गेली. पुढची शंभर वर्षं तिथल्या राजकारणात हा सल राहिला. १९२७ मध्ये महाराजा हरिसिंगांनी 'राज्याचे प्रजाजन' कोण याची व्याख्या केली. बाहेरच्यांना तिथं जमीन आणि सरकारी नोकरी मिळू नये, असा तो नियम. त्यासाठी जोर लावला होता तो विशेषतः शिकलेल्या काश्मिरी पंडितांनी, कारण नोकऱ्या पंजाबातून आलेली माणसं घेऊन जात होती. पुढे ज्या नियमावर देशभर वाद झाला, त्याचा उगम असा एका हिंदू राजाच्या दरबारात आणि पंडितांच्या मागणीत आहे.

१३ जुलै १९३१ ला श्रीनगरच्या तुरुंगाबाहेर गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसं मेली. चौकशीसाठी ग्लान्सी आयोग बसला आणि १९३४ मध्ये 'प्रजासभा' आली. पंचाहत्तर सदस्य, त्यांतले निवडून आलेले फक्त तेहतीस. मताचा अधिकारही मोजक्यांनाच. १९३९ मध्ये राज्याला नवा घटना कायदा मिळाला, निवडून येणाऱ्यांची संख्या चाळीस झाली, पण शेवटचा शब्द महाराजांचाच राहिला. त्याच वर्षी शेख अब्दुल्लांनी आपल्या मुस्लिम कॉन्फरन्सचं नाव बदलून नॅशनल कॉन्फरन्स केलं, म्हणजे दारं सगळ्यांना उघडली. १९४४ मध्ये या पक्षानं 'नया कश्मीर' नावाचा जाहीरनामा काढला. त्यात सोव्हिएत घटनेच्या धर्तीवर राज्यघटनेचा आराखडाच होता. कसेल त्याची जमीन आणि स्त्री-पुरुषांना समान हक्क ही त्यातली मोठी आश्वासनं.

जाहीरनामे सगळेच काढतात. यांनी त्यातलं एक आश्वासन खरोखर पाळलं. हरिसिंग १९४९ मध्ये राज्य सोडून गेले. त्यांची अखेरची वर्षं आपल्या मुंबईत गेली आणि १९६१ मध्ये तिथंच ते वारले. अठरा वर्षांचे युवराज करणसिंग गादीचा कारभार पाहू लागले. त्यांच्या सहीनं १९५० मध्ये जमीनदारी संपवणारा कायदा आला. पावणेतेवीस एकरांवरची जमीन, फळबागा वगळून, कसणाऱ्याच्या नावे. आणि जमीनदाराला मोबदला शून्य. आपल्याकडे कूळकायद्यानं कूळ मालक झालं ते १ एप्रिल १९५७ ला, आणि तेही किंमत मोजून. काश्मीरच्या या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, तेव्हा १९५९ मध्ये तो वैध ठरवणारा निकाल लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. म्हणजे झेलमकाठच्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर, म्हणायचं तर, एका सातारकराची सही आहे.

आता प्रत्यक्ष घटना समितीकडे येऊ. १९५१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तिच्या निवडणुका झाल्या. प्रौढ मतदानाचा अधिकार सगळ्यांना. भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायच्या आधीची ही गोष्ट. चाळीस हजार लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी. एकूण जागा शंभर धरल्या होत्या. त्यांपैकी पंचवीस नियंत्रण रेषेपलीकडच्या, म्हणजे मुझफ्फराबाद, मीरपूर, गिलगिटकडच्या लोकांसाठी. तिकडं निवडणूक घेणं शक्य नव्हतं, म्हणून त्या रिकाम्या ठेवल्या. उरल्या पंचाहत्तर: काश्मीर खोऱ्याच्या त्रेचाळीस, जम्मूच्या तीस, लडाखच्या दोन.

आणि या पंचाहत्तरपैकी त्र्याहत्तर सदस्य बिनविरोध निवडून आले. जम्मूतल्या प्रजा परिषदेचे अनेक अर्ज फेटाळले गेले, मग तिनं बहिष्कार घातला. सर्वच्या सर्व जागा एकाच पक्षाच्या. प्रत्येक प्रौढाला मत मिळालं, पण ते टाकायची वेळ फार थोड्यांवर आली.

मी त्या पानावर बराच वेळ थांबलो. पंचवीस रिकाम्या जागा सगळ्यांना दिसतात, कारण त्या कायद्यात लिहिलेल्या आहेत. विरोधकांच्या रिकाम्या जागा कुठंच लिहिलेल्या नाहीत. त्या मोजायच्या कशा?

३१ ऑक्टोबर १९५१ ला श्रीनगरात समितीची पहिली बैठक झाली. गुलाम मोहम्मद सादिक अध्यक्ष झाले. शेख अब्दुल्लांनी आपल्या भाषणात समितीपुढची चार कामं सांगितली: घटना तयार करणं, राजघराण्याचं काय करायचं ते ठरवणं, जमिनीच्या मोबदल्याचा निर्णय आणि भारतातल्या सामिलीकरणाविषयी मत देणं. १९५२ च्या जुलैत दिल्ली करार झाला. नोव्हेंबरात वंशपरंपरेनं चालणारी राजेशाही गेली आणि १७ तारखेला एकवीस वर्षांचे करणसिंग निवडलेले 'सदर-ए-रियासत' झाले. ज्याच्या घराण्याची गादी गेली, त्याच तरुणाला लोकांच्या प्रतिनिधींनी राज्याचं प्रमुखपद दिलं.

मग दिवस फिरले. वेगळी घटना आणि वेगळा झेंडा नको म्हणून जम्मूत आंदोलन पेटलं. त्यासाठी गेलेले श्यामाप्रसाद मुखर्जी २३ जून १९५३ ला श्रीनगरात स्थानबद्धतेत असताना वारले. ९ ऑगस्ट १९५३ ला खुद्द शेख अब्दुल्लांना पंतप्रधानपदावरून काढून अटक झाली. बक्षी गुलाम मोहम्मद त्या खुर्चीवर बसले. समितीनं १९५४ च्या फेब्रुवारीत सामिलीकरणावर शिक्कामोर्तब केलं. मे महिन्यात राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्यानं भारताच्या घटनेतले मूलभूत हक्क राज्यात नेले, पण एक खाच ठेवून: राज्याचा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा मूलभूत हक्कांशी विसंगत म्हणून पाच वर्षं रद्द ठरवता येणार नाही. ही पाच वर्षं पुढे वाढत वाढत पंचवीस झाली.

१७ नोव्हेंबर १९५६ ला घटना स्वीकारली गेली आणि २६ जानेवारी १९५७ पासून ती पूर्णपणे अमलात आली. 'नया कश्मीर'चं स्वप्न ज्यांनी पाहिलं होतं ते शेख अब्दुल्ला त्या दिवशी तुरुंगात होते. आता ही खुर्ची रिकामी नव्हती, तिच्यावर दुसरं कुणी बसलं होतं, एवढाच फरक.

श्रोतेहो, एवढं वाचल्यावर मला वाटलं, की अशा सभागृहातून निघालेलं पुस्तक पोकळच असणार. पण पानं उलटली आणि मी चकित झालो.

कलम ३ सांगतं, की जम्मू-काश्मीर हा भारताचा अविभाज्य भाग आहे आणि राहील. घटनादुरुस्तीचं कलम १४७ पुढं बजावतं, की हे कलम ३ बदलण्याचं विधेयकसुद्धा विधिमंडळात मांडता येणार नाही. वेगळ्या घटनेला फुटीरपणाचं निशाण समजणाऱ्यांनी आणि तिला वेगळेपणाची सनद समजणाऱ्यांनी, दोघांनीही हे पान उघडायला हवं होतं.

कलम २० मध्ये विद्यापीठापर्यंत मोफत शिक्षणाचं ध्येय आहे. कलम २२ स्त्रियांविषयी आहे. समान कामाला समान वेतन, बाळंतपणाच्या सोयी, सर्व बाबतींत पूर्ण समता आणि घटस्फोटित किंवा टाकलेल्या स्त्रीला वाजवी पोटगी. हे वाचताना मला आपल्या हमीद दलवाईंची आठवण झाली. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी काढला, तेव्हा केवढी खळबळ उडाली होती. आणि मुस्लिम बहुसंख्य असलेल्या एका राज्याच्या घटनेत टाकलेल्या बाईच्या पोटगीचा उल्लेख नऊ वर्षं आधीपासून होता. ही मार्गदर्शक तत्त्वं होती, कोर्टातून मागता येणारे हक्क नव्हते, हे खरं. पण लिहिलं तर होतं.

आणि कलम २५. अज्ञान, अंधश्रद्धा, धर्मवेड, जातीयवाद यांच्याशी राज्यानं झुंजावं आणि धर्मनिरपेक्ष राज्याच्या छत्राखाली सर्व समाजांत बंधुभाव वाढवावा, असा त्याचा आशय. भारताच्या घटनेच्या सरनाम्यात 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द आला तो १९७६ च्या दुरुस्तीनं. या पुस्तकात तो जवळजवळ वीस वर्षं आधी छापलेला होता.

कवी म्हणून मला सर्वांत आवडलं ते भाषेचं प्रकरण. राजभाषा उर्दू, जी तिथं जवळजवळ कुणाचीच मायबोली नाही. ती १८८९ मध्ये फारसीच्या जागी दरबारात आली. एकाच्या मायबोलीनं दुसऱ्यावर राज्य करण्यापेक्षा ही सर्वांना सारखीच परकी, म्हणून सारखीच जवळची. आणि कलम १४६ राज्याला फर्मावतं, की कला, संस्कृती आणि भाषांसाठी अकादमी स्थापन करा. हिंदी आणि उर्दूबरोबर सहाव्या परिशिष्टात नावं आहेत: काश्मिरी, डोगरी, बाल्टी, दार्दी, पंजाबी, पहाडी, लडाखी. यांतली बाल्टी बोलणारे बरेचसे लोक रेषेपलीकडे आहेत. पलीकडच्यांसाठी विधानसभेत जागा ठेवल्या, तशी त्यांच्या बोलीसाठी परिशिष्टातही ठेवली. अकादमी १९५८ मध्ये निघाली आणि तिच्या 'शीराजा' या नियतकालिकात अनेक भाषांचे लेखक लिहू लागले.

पण चांगलं तेवढं सांगून थांबलो तर तो खोटेपणा होईल. याच घटनेच्या कलम ६ मध्ये 'कायम रहिवासी' आहे, आणि त्या व्याख्येबाहेर कोण राहिलं ते पाहा. फाळणीत पश्चिम पाकिस्तानातून जम्मूत आलेले निर्वासित. १९५७ मध्ये सफाईच्या कामासाठी पंजाबातून बोलावून आणलेली वाल्मिकी कुटुंबं. त्यांची नातवंडं तिथंच जन्मली, लोकसभेला मत देत राहिली, पण विधानसभेला त्यांना मत नव्हतं. राज्याबाहेरच्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या मुलीचा रहिवासाचा हक्क जाई. कलम २२ मधली पूर्ण समता तिच्या दारापर्यंत पोचायला २००२ साल उजाडलं, जेव्हा उच्च न्यायालयानं सांगितलं, की लग्नानं हा हक्क जात नाही. गुज्जर-बकरवालांना विधानसभेत राखीव जागा या घटनेच्या हयातीत मिळाल्याच नाहीत. ज्यांच्यासाठी पंचवीस जागा राखल्या ते रेषेपलीकडे होते. ज्यांना जागा हव्या होत्या ते दारात उभे होते.

पुढची हकिकत थोडक्यात. १९६५ मध्ये दुरुस्ती होऊन सदर-ए-रियासतचे राज्यपाल झाले आणि पंतप्रधानाचे मुख्यमंत्री. १९६७ मध्ये राज्यातल्या विभागांच्या तक्रारी ऐकायला आयोग बसला, त्याचे अध्यक्ष पुन्हा आपले गजेंद्रगडकरच. १९७५ मध्ये शेख अब्दुल्ला परतले ते ज्या घटनेच्या स्वीकाराच्या वेळी ते कैदेत होते, तिच्याखाली मुख्यमंत्री म्हणून शपथ घेऊन. एकीकडे राष्ट्रपतींचे आदेश एकामागून एक निघत गेले आणि वेगळेपणाचा पैस आकसत गेला. नव्वदच्या दशकात बंदुका आल्या, पंडितांना घरं सोडावी लागली. घटनेतलं कलम २५ त्या रात्री कुणाच्याही दाराला कडी होऊ शकलं नाही.

५ आणि ६ ऑगस्ट २०१९ ला राष्ट्रपतींचे आदेश निघाले आणि ३७० चा विशेष दर्जा संपला. ३१ ऑक्टोबर २०१९ ला राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. तारीख लक्षात आली? ३१ ऑक्टोबर. त्याच तारखेला अडुसष्ट वर्षांपूर्वी घटना समिती पहिल्यांदा भरली होती. ११ डिसेंबर २०२३ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ३७० संपवण्याचा निर्णय वैध ठरवला. राज्याच्या घटना समितीच्या शिफारशीवाचून हे करता येतं का, हा मुख्य प्रश्न होता, कारण ती समिती तर १९५७ मध्येच विसर्जित झाली होती. न्यायालय म्हणालं, राष्ट्रपतींना करता येतं. आता भारताची घटना तिथं पूर्ण लागू आहे, तेव्हा राज्याच्या घटनेचं काम उरलेलं नाही, असंही म्हणालं. न्यायालयाचा निकाल मी नागरिक म्हणून शिरोधार्य मानतो. तरी हा सगळा बदल होताना तिथली विधानसभा बरखास्त होती आणि नेते स्थानबद्ध होते, हेही इतिहासात लिहावंच लागेल. १९५६ मध्ये घटना आली तेव्हा शेख आत. २०१९ मध्ये ती गेली तेव्हा त्यांचा मुलगा आणि नातू आत. येताना आणि जाताना, दोन्ही वेळा महत्त्वाची माणसं सभागृहाबाहेर.

मला या पुस्तकानं शिकवलं ते एवढंच. कलमं कितीही सुंदर असोत, ती लिहिताना समोर 'नाही' म्हणणारं कुणी बसलेलं नसेल, तर त्या कलमांना पुढे वाली राहत नाही. आपल्या देशाच्या घटना समितीत डॉ. आंबेडकरांच्या मसुद्याला शब्दाशब्दावर दुरुस्त्या सुचवणारे होते, मौलाना हसरत मोहानींसारखे खोड्या काढणारेही होते. ती कटकट हीच तिची ताकद ठरली.

एक गोष्ट मात्र उरली आहे. कलम ४८ प्रमाणे विधानसभेतही त्या जागा रिकाम्याच होत्या; पुढे पंचवीसच्या चोवीस झाल्या. घटना गेली, पण त्या चोवीस जागा २०१९ च्या नव्या कायद्यानंही तशाच ठेवल्या. २०२४ मध्ये निवडणूक झाली ती नव्वद जागांसाठी. कागदावर सभागृह चोवीसनं मोठं आहे.

पुस्तक परत द्यायला गेलो तेव्हा वकील मित्र म्हणाला, "आता मला त्याचा काय उपयोग? तूच ठेव." म्हणून ते माझ्याकडेच आहे, शब्दकोशांच्या शेजारी. कुणी "तुमच्या काश्मीरचं काय?" असं विचारलं, की मी ते काढतो आणि दोन पानं दाखवतो. एक कलम २५ चं, दुसरं कलम ४८ चं. म्हणतो, "काका, आधी एवढं वाचा. मग चहा घेऊ आणि बोलू."